बादशहाची शंका, मन्सूरचा कुंचला

1621 साली जहांगीर बादशहासमोर एक जनावर आणून उभं केलं गेलं. ठेवण रानगाढवाची आणि अंगावर वाघासारखे पट्टे, फक्त पिवळ्याच्या जागी पांढरा रंग. हबशांच्या देशातून आलेल्या काही तुर्कांबरोबर मीर जाफरनं ते आणलं होतं. पाहणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, हे पट्टे कुणीतरी रंगवले असणार. बादशहानं बारकाईनं तपास केला, पट्टे जन्माचेच आहेत अशी खात्री करून घेतली आणि मग आपल्या आत्मचरित्रात नोंद लिहिली. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि कानाच्या टोकापासून खुरापर्यंत पट्टे कसे आहेत, अवयव लहान झाला की ते बारीक कसे होत जातात, डोळ्याभोवतीची रेघ किती नाजूक आहे, हे सगळं त्यात आहे. शिवाय दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्रही काढून घेतलं. रंगवलेलं नाही हे सिद्ध झालेलं जनावर आता रंगवायचं, अशी ही गमतीची कामगिरी.

झेब्र्याचं हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच्या कडेला जहांगीरनं स्वतःच्या हातानं मजकूर लिहिलाय: जनावर कुठून आलं, कुणी आणलं, कुठल्या साली, कुणी काढलं. आजच्या निसर्ग-अभ्यासकाच्या वहीत असते तशीच ही नोंद आहे. ‘झेब्रा’ हे नाव बादशहाला ठाऊक नसल्यामुळे जवळचं खेचर त्यानं वापरलंय, एवढाच काय तो फरक.

चित्र पाहताना प्रथम पट्ट्यांकडेच लक्ष जातं, आणि मन्सूरचीही तशीच इच्छा असणार. सोपा मार्ग त्याच्यापुढे होता. मोगल कारखान्यातल्या चित्रकाराला नक्षीची सवय. सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावरच्या रेघा ओढून झूल घातल्यासारखं जनावर तयार करता आलं असतं आणि दरबारानं वाहवाही केली असती. मन्सूरचा पट्टा मात्र शरीर जिथं वळतं तिथं वळतो. पुठ्ठ्यावर तो रुंद आहे, पायाकडे येताना आखूड आणि आडवा होतो, तोंडाशी इतका निमुळता होतो की मोजायला भिंग हवं. रंगाची सावली जवळजवळ न वापरता त्यानं पोटाची गोलाई दाखवलीय, ती या रेघांच्या वळणावरून. जहांगीरच्या लेखी नोंदीतली ‘अवयव लहान तिथं पट्टा बारीक’ ही गोष्ट इथं डोळ्यांना दिसते. कुणी कुणाला काय दाखवलं, बादशहानं चित्रकाराला की चित्रकारानं बादशहाला, हे सांगता येणार नाही. दोघांनी एकाच जनावरासमोर बराच वेळ घालवला, एवढं नक्की.

झेब्र्याच्या तोंडावर म्होरकी आहे. मला ही म्होरकी फार महत्त्वाची वाटते. ती वगळून झेब्रा मोकळ्या माळावर उभा करणं अवघड नव्हतं. मागे चार डोंगर आणि एक झाड टाकलं की काम झालं. पण मन्सूरनं झेब्रा माळावर पाहिलेलाच नव्हता. त्याच्या समोर बांधलेलं जनावर होतं, म्हणून बांधलेलं जनावर काढलं. मागची जागा जवळजवळ मोकळी ठेवली. लघुचित्रांचे जाणकार या मोकळ्या पार्श्वभूमीला शैली म्हणतील, आणि ती शैली आहेच. त्याच वेळी तो प्रामाणिकपणाही आहे. जे पाहिलं नाही ते भरलं नाही.

आता उणीव. जनावर फारच ताठ उभं आहे. पायांवर वजन आलंय असं वाटत नाही, अंगात कुठं चुळबुळ नाही. समुद्र ओलांडून, अनोळखी माणसांच्या गर्दीत आणलेला झेब्रा इतका शांत उभा राहिला असेल का? मन्सूरनं त्याचं रूप घेतलं आणि त्याची भीती गाळली, असं मला वाटतं. पुढे हा झेब्रा इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून पाठवला गेला.

याआधीची एक हकिगत गोव्याची आहे. सुरत आणि खंबायतचा कारभार पाहणारा मुकर्रबखान बादशहाच्या सांगण्यावरून गोव्याला गेला आणि पोर्तुगीज मागतील ती किंमत देऊन त्यानं दुर्मीळ वस्तू आणि प्राणी खरेदी केले. 1612 मध्ये ते दरबारात पोचले. त्यात एक टर्की कोंबडा होता. अमेरिकेतला पक्षी पोर्तुगीज जहाजांतून मांडवीकाठी आणि तिथून आग्र्याला. या खरेदीच्या नोंदीत जहांगीर आपल्या पणजोबांबद्दल एक मार्मिक शेरा मारतो: बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांना त्यांची चित्रं काढायला सांगितलं नाही. आपण ते करतोय, म्हणजे ऐकून जे नवल वाटतं ते पाहून आणखी वाढेल. पणजोबांवर कुरघोडी करण्याची हौस त्यात आहेच, पण मुद्दा खरा आहे.

टर्कीची अडचण अशी की तो एका रंगावर थांबत नाही. जहांगीरनं हे टिपलंय. पक्षी माजावर आला की डोकं आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळानं कापसासारखी पांढरी पडते, कधी निळसर दिसते. चोचीवरून लोंबणारा मांसल तुरा कधी वीतभर लांबतो, कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो. लेखणीला हे सोपं आहे. ‘कधी’ हा शब्द चार वेळा वापरला की चार रंग झाले. चित्रकाराला एकच क्षण मिळतो. मन्सूरनं निळा आणि लाल शेजारी-शेजारी ठेवले, आणि सगळी ताकद रंगापेक्षा त्या कातडीच्या पोतावर लावली: सुरकुत्या, गाठी, घड्या. रंग बदलेल पण घडी तिथंच राहील, आणि घडी नीट दिसली की ही कातडी फुगू-आखडू शकते हे पाहणाऱ्याला आपोआप कळतं. हालचाल काढता येत नाही तेव्हा हालचालीची सोय काढावी, ही या चित्रातली खरी हुशारी. त्यापुढे अंगावरची पिसं मला थोडी कसरतीसारखी वाटतात. एकेक पीस सुटं काढण्याच्या नादात पक्ष्याचं अंग किंचित सपाट झालंय.

खारीच्या केसांचा कुंचला आणि थरावर थर चिकटवून केलेला, घोटून गुळगुळीत केलेला कागद या साधनांचा यात मोठा वाटा आहे. अपारदर्शक जलरंगाचे पातळ हात एकावर एक बसतात, आणि शेवटी केसाएवढ्या रेषांनी पोत उभा राहतो. या पद्धतीत घाई चालत नाही. चित्रकाराला जनावराकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं, कारण पुढच्या थराच्या वेळी मागचं आठवत नाही.

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला मन्सूरच्या नावावर असलेलं शॅमेलिऑन सरड्याचं चित्र आहे, आणि मला निवड करायला सांगितली तर मी झेब्रा आणि टर्की दोन्ही बाजूला ठेवून हे उचलीन. शॅमेलिऑन बाहेरून आलेलं नवल नाही. तो आपल्याकडच्या झाडाझुडपांतला. त्यामुळे मन्सूरला तो फांदीवर पाहता आला, आणि म्हणून चित्रात फांदीही आहे. पायाची बोटं दोन गटांत जुळून चिमट्यासारखी झालेली असतात. ती फांदीला कशी धरतात हे त्यानं पाहिलंय. गुंडाळलेली शेपटी, बाहेर आलेला डोळ्याचा शंकू, खरबरीत कातडीवरचे बारीक ठिपके. झेब्र्याच्या चित्रात न मिळालेलं वजन इथं मिळतं: हा प्राणी फांदीला धरून आहे, सोडलं तर पडेल. रंग बदलण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्राण्याला त्यानं मोजक्या हिरव्यात काढलं आणि चमत्काराचा मोह टाळला.

चित्राला जे जमत नाही ते जहांगीरच्या लेखणीला जमलेलं पाहायचं तर सारसाच्या जोडीची नोंद वाचावी. लैला आणि मजनू अशी नावं दिलेली ही जोडी त्यानं पाळली होती. 1618 च्या सुमारास, मुक्काम गुजरातेत असताना, मादीनं अंडी घातली. दुसरं अंडं दोन दिवसांनी आलं. रात्रभर मादी अंड्यांवर बसायची आणि नर शेजारी उभा राहून पहारा करायचा. मुंगसासारखा एखादा प्राणी आला तर त्याच्यावर धावून जायचा. सकाळी नर येऊन मादीच्या पाठीला चोचीनं डिवचायचा, ती उठायची, मग तो बसायचा. चौतिसाव्या दिवशी पिल्लू बाहेर आलं. नर पिल्लाला चोचीत उलटं धरतो हे पाहून बादशहा घाबरला, त्याला दूर ठेवायला सांगितलं, आणि यात माया आहे हे उमगल्यावर परत सोडलं. हिंदुस्थानच्या तख्तावरचा माणूस अंड्यांचे दिवस मोजत बसतो! सारसाची अंडी उबवण्याचा काळ आजही महिनाभर ते चौतीस दिवस असाच सांगतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतांत उरलेल्या सारसांवर नजर ठेवणाऱ्यांना ही नोंद ओळखीची वाटेल. मोगल बादशहांच्या या निसर्गनिरीक्षणावर सलीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, तेव्हा किहीमच्या सुगरणींचा त्यांचा अभ्यास अजून पुढेच होता.

हाच माणूस शिकारीही होता, आणि तोही हिशेबी. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या हातून 17,167 प्राणी मेले, असा आकडा त्यानं जातवार काढून लिहून ठेवलाय. अंडी मोजणारा आणि मुडदे मोजणारा हात एकच. यातला एक भाग खरा आणि दुसरा दिखाऊ असं ठरवण्याचा मोह मला होत नाही. मोजणं हा त्याचा स्वभाव होता.

त्या स्वभावाची किंमतही नोंदीतच सापडते. 1620 मध्ये काश्मीरला एका ओढ्यावर त्यानं पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा लहान पक्षी पाहिला. आज त्याला डिपर म्हणतात. बादशहाला प्रश्न पडला: याच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असेल की जमिनीवरच्या पक्ष्यासारखी बोटं सुटी असतील? फार नेमका प्रश्न. उत्तरासाठी पक्षी पकडायला सांगितलं. दोन मिळाले, एक लगेच मेला, दुसरा एक दिवस जगला. बोटं सुटी होती. मन्सूरला चित्र काढायचा हुकूम झाला. आधीच्याच वर्षी शाह अब्बासनं पाठवलेला एक सुंदर ससाणा वाटेत मांजरानं जखमी केल्यामुळे दगावला होता, त्याचंही चित्र मन्सूरकडेच आलं. म्हणजे या उस्तादाच्या समोर पुष्कळदा मरणारं किंवा मेलेलं पाखरू होतं. त्याच्या पक्ष्यांच्या ताठपणाचं एक कारण कदाचित इथं असेल.

आज डिपरचा प्रश्न लांब भिंगाच्या कॅमेऱ्यानं, दगडाआड बसून सुटेल, आणि दोन्ही पक्षी ओढ्यावरच राहतील. कॅमेऱ्याच्या बाजूनं याहून मोठा मुद्दा मला सुचत नाही. पण एक गोष्ट छायाचित्रकार मित्रांना खटकेल तरी सांगतो. सेकंदाला वीस फोटो काढणारं यंत्र प्रश्न न विचारताही उत्तरं गोळा करून ठेवतं. बोटांचा फोटो कार्डात येतो, बोटं कुणी पाहिलेली नसतात. हातानं चित्र काढणाऱ्याला ही सवलत नाही. बोटं किती आणि पडदा आहे का, हे ठरवल्याशिवाय रेघ पुढे जात नाही. वन्यजीव छायाचित्रणात सध्या मागची जागा धूसर करून पक्षी एकटा सुटा दाखवण्याची जी पद्धत आहे, ती मन्सूरच्या मोकळ्या कागदाच्या जवळची. फरक असा की मन्सूरला अधिवास दिसलेला नव्हता. आपल्याला दिसत असतो आणि आपण तो पुसतो.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये मन्सूरचं सायबेरियन क्रौंचाचं चित्र आहे, आणि तिथंच बंगाल फ्लोरिकनचंही. क्रौंचाला शास्त्रीय नाव पालासनं 1773 मध्ये दिलं, फ्लोरिकनला ग्मेलिननं 1789 मध्ये. जहांगीर 1627 मध्ये वारला. म्हणजे दोन्ही पक्षी युरोपच्या यादीत जाण्यापूर्वी दीडशे वर्षांच्या आसपास ते कागदावर होते, आणि जातीपर्यंत ओळख पटावी इतके बिनचूक: क्रौंचाचं पांढरं अंग आणि फक्त तोंडापुरती लाल उघडी कातडी सारसाशी गल्लत होऊ देत नाही. शास्त्रीय नामकरणात मन्सूरचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं. त्यानं नमुना जपून ठेवला नव्हता, लॅटिन वर्णन लिहिलं नव्हतं, आणि त्याचं काम बादशहाच्या पोथीखान्यात बंद होतं. हा क्रौंच भरतपूरच्या केवलादेवला 2001-02 च्या हिवाळ्यानंतर आलेला नाही. ज्यांनी त्याला तिथं पाहिलं त्या पक्षीनिरीक्षकांनी कोलकात्याला जाऊन या चित्रातला पाय आणि चोच तपासावी. मन्सूर कुठं चुकला हे सांगण्याचा अधिकार आता त्यांनाच आहे.