‘सुक्का’ आणि ‘मांडव’ : एका पर्यायाचा विचार

लेवीय २३:३४ मधील ‘सुक्कोथ’ या सणास मराठी बायबलात ‘मांडवांचा सण’ म्हटले आहे. हा पर्याय कितपत समर्पक आहे, हे पाहावयाचे आहे.

‘सुक्का’ या हिब्रू शब्दाचा धातू ‘झाकणे’ या अर्थाचा. तंबूस हिब्रूत ‘ओहेल’ असा निराळा शब्द आहे. लॅटिन अनुवादात ‘ताबेर्नाकुलुम’ दोहोंसाठी आल्याने हा भेद पुसट झाला. मराठी भाषांतरकारांनी ‘तंबू’ टाळला, यात त्यांची जाण दिसते. मांडवही छायेसाठी, डहाळ्यांनी आच्छादिलेला व कार्य सरताच मोडावयाचा असतो.

तथापि दोन ठिकाणी हा शब्द अपुरा पडतो. मांडवात माणसे जमतात, राहत नाहीत; सुक्कात तर सात दिवस वास्तव्य करावे, हीच मूळ आज्ञा (२३:४२). शिवाय मराठीत वेल चढविण्याच्या सांगाड्यासही ‘मांडव’च म्हणतात, आणि नेमके जिवंत वेलीचे छत मिश्नाने अग्राह्य ठरविले आहे. आच्छादन जमिनीपासून तोडलेल्या वनस्पतीचेच हवे.

‘खोप’ या शब्दात वास्तव्य व तात्पुरतेपणा दोन्ही आहेत. यशया १:८ मधील द्राक्षमळ्यातल्या सुक्काशी राखणदाराची खोप सहज जुळते. मात्र ‘मांडवा’चे मांगल्य तीत नाही. म्हणून आमच्या मते सणाच्या नावात ‘मांडव’ राहावा. परंतु वास्तव्याच्या आज्ञेत ‘खोप’ योजावी. एकच मूळ शब्द यामुळे दुभंगेल, ही हानी खरीच. पण मिसरातून निघालेल्या लोकांच्या निराश्रित जीवनाची स्मृती, जी या सणाचा गाभा आहे, ती मराठी वाचकापर्यंत पोहोचेल.