दीर्घ एकल तालवादन आणि अभिरुचीचे निकष

जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारांविषयी बोलताना रसिकांत हमखास दोन तट पडतात, आणि हा मतभेद सर्वाधिक तीव्र होतो तो ड्रमच्या दीर्घ एकल वादनापाशी. एकाला ते मैफलीचे शिखर वाटते, तर दुसऱ्याला निव्वळ कंटाळवाणी कसरत. अखेरीस ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून दोघेही वाद मिटवतात. हा समेट सोयीचा असला तरी समीक्षेला घातक आहे. कारण आवड ही सर्वस्वी खाजगी बाब मानली, तर समीक्षेला करण्यासारखे काही उरतच नाही. यास्तव दीर्घ तालवादनाच्या बाबतीत तरी आवडीपलीकडचा एखादा निकष सापडतो काय, याचा विचार करणे आवश्यक ठरते.

या विचाराला मराठी रसिक अजिबात अपरिचित नाही. तबल्याचे एकल वादन ऐकण्याची त्याची सवय जुनी आहे. अहमदजान थिरकवाँसारखा थोर तबलावादक गंधर्व नाटक मंडळीत साथीला होता. म्हणजे तालाची सूक्ष्म जाण ही केवळ मोजक्या खाजगी बैठकींपुरती मर्यादित नव्हती, ती नाट्यगृहातूनही घडत गेली. एकल वादनात पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा, चक्रदार असा क्रम असतो. परंतु या साऱ्यांहून महत्त्वाचा असतो तो हार्मोनियमवर किंवा सारंगीवर अखंड चालणारा लेहरा. वरवर पाहता लेहरेकरी काहीच करीत नाही. तो एकच स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवतो. वस्तुतः त्याच्यामुळेच श्रोत्याला तालाचे आवर्तन सतत ऐकू येते, आणि वादक समेपासून किती दूर गेला व कोणत्या वाटेने परतला, हे कळते. तिहाईचा आनंद हा अपेक्षापूर्तीचा आनंद आहे. जेथे अपेक्षाच निर्माण झाली नाही, तेथे पूर्ती कसली? मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मानली आहेत. लेहऱ्याशी तबल्याचा विरोध आणि समेवर होणारा समतोल, असे या वादनाचे वर्णन त्याच परिभाषेत करता येईल.

हा निकष जॅझला लावून पाहण्याजोगा आहे. डेव्ह ब्रुबेक यांच्या ‘टाइम आउट’ (1959) या ध्वनिमुद्रिकेतील ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेझमंड यांची रचना पाच मात्रांची आहे. तिच्या मध्यभागी जो मोरेलो यांचे ड्रमवादन येते, तेव्हा पियानोवरील छोटी आकृती थांबत नाही. ती तशीच चालू राहते. ड्रमवादक त्या आकृतीच्या आड येतो, तिला मधेच मोकळी जागा देतो, पुन्हा तिच्यात मिसळतो. लेहऱ्याचे कार्य येथे पियानो करतो. याहून उद्बोधक उदाहरण मॅक्स रोच यांच्या ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ (1966) या रचनेचे होय. तेथे दुसरे वाद्यच नाही. तथापि रोच पायांनी तीन मात्रांचा ठेका अखंड धरून ठेवतात आणि हातांनी त्यावर वाक्ये रचतात. आपला लेहरा ते आपणच पुरवतात.

रॉक संगीतातील काही गाजलेली वादने या कसोटीवर उणी पडतात. क्रीम या वाद्यवृंदाच्या ‘टोड’ या रचनेचे ‘व्हील्स ऑफ फायर’ (1968) मधील मुद्रण सुमारे 16 मिनिटांचे आहे. लेड झेपलिनच्या ‘मॉबी डिक’चे 1969 चे मुद्रण साडेचार मिनिटांच्या आत संपते, प्रत्यक्ष रंगमंचावर मात्र तीच रचना कितीतरी पट लांबत असे. दोन्ही ठिकाणी आरंभीची गिटारची आकृती थांबते, ड्रमवादक एकटा उरतो, आणि शेवटी तीच आकृती परत येऊन चौकट बंद करते. मधल्या काळात श्रोत्याजवळ मापनाचे साधन राहत नाही. जिंजर बेकर अथवा जॉन बॉनहॅम यांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. प्रश्न असा की, श्रोता तेथे रचना ऐकतो की दमसास मोजतो?

प्रोग्रेसिव्ह रॉकने या अडचणीवर वेगळा मार्ग काढला. एमर्सन, लेक अँड पामर यांच्या ‘टोकाटा’ (1973) मध्ये हिनास्तेरा यांच्या पियानो कॉन्चेर्टोच्या आधारे रचलेल्या बंदिस्त आकृतीच्या पोटातच कार्ल पामर यांचे तालवादन बसवले आहे. येस या वाद्यवृंदाची ‘क्लोज टू द एज’ (1972) ही रचना 18 मिनिटांहून दीर्घ असूनही तीत स्वतंत्र ड्रमवादन नाही. बिल ब्रुफर्ड यांचा ताल रचनेच्या बांधणीतच मुरलेला आहे. येथे एका भ्रमापासून मात्र सावध राहिले पाहिजे. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ (1973) मध्ये सात मात्रा आहेत म्हणून तो रूपक ठरत नाही. रूपकाची सम खालीवर येते. भरी-खालीचा हा भेद पाश्चात्त्य मात्रागणनेत नाही. संख्या सारखी असणे म्हणजे ताल सारखा असणे नव्हे.

तथापि या निकषावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो यवतमाळ जिल्ह्यातूनच घेता येतो. कोलाम व गोंड समाजांच्या ढेमसा नृत्यात ढोल दीर्घकाळ वाजतो. तेथे ना लेहरा, ना तिहाईचा हिशेब. म्हणून ते वादन निकृष्ट म्हणावे काय? मुळीच नाही. तेथील चौकट स्वरांची नसून पावलांची आहे. नाचणाऱ्यांचे रिंगण हाच त्या ढोलाचा लेहरा होय, आणि किती वेळ वाजवायचे हे रिंगणच ठरवते. याच जिल्ह्यातील खंजिरी भजनांत, ज्यांना तुकडोजी महाराजांनी विदर्भभर प्रतिष्ठा मिळवून दिली, खंजिरी कितीही उसळली तरी धृपदाचा समूहस्वर तिला धरून असतो. चौकट कोणत्या द्रव्याची आहे, हे प्रत्येक परंपरेनुसार बदलते. ती असणे मात्र टळत नाही. याच न्यायाने ‘टोड’ किंवा ‘मॉबी डिक’ यांनाही काही सूट द्यावी लागते. हजारोंच्या सभागृहात श्रोत्यांचा प्रतिसाद हीच त्यांची चौकट असू शकेल. परंतु ध्वनिमुद्रिकेत ती चौकट पुरती उतरत नाही. घरी एकांतात ऐकणाऱ्याला कंटाळा आला, तर तो त्याच्या रुचीचा दोष मानता येणार नाही. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले, ते येथे प्रसंगाशी जोडलेले आहे.

मुंबईत जन्मलेले झाकिर हुसेन (1951–2024) जॉन मॅक्लॉफलिन यांच्यासह ‘शक्ती’ या वाद्यवृंदात वाजवत, तेव्हा या परंपरा प्रत्यक्ष समोरासमोर आल्या. विक्कू विनायकराम यांच्या घटमशी होणारे त्यांचे सवाल-जवाब दीर्घ असत; तरी तेथे प्रत्येक वादकाला दुसऱ्याचे वाक्य लक्षात ठेवूनच उत्तर द्यावे लागे. लांबीला अर्थ येतो तो या स्मरणामुळे.

सारांश, दीर्घ वादन आवडणे वा नावडणे यात सिद्ध करण्यासारखे काही नाही. पण ‘हे वादन कशाला धरून चालले आहे?’ या प्रश्नाला जो रसिक उत्तर देऊ शकतो, त्याची आवड मतापासून निर्णयाकडे सरकलेली असते. ढेमशाच्या आणि खंजिरीच्या प्रदेशातील अभ्यासकाला हा प्रश्न विचारण्यासाठी परक्या परिभाषेची वाट पाहण्याचे कारण नाही.