अपुऱ्या कामाचे चरित्र

शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिण्याची मराठीत एक मळलेली वाट आहे. आरंभी गरिबी, मग कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, शिष्यवृत्ती, परदेशगमन, तेथल्या गोऱ्या प्राध्यापकाची शाबासकी, मायदेशी परतणे आणि शेवटी राष्ट्रपतींच्या हस्ते पदक. पाने साठ, मोठा टाइप, मुखपृष्ठावर अणूचे चित्र. बक्षीस समारंभासाठी अशी पुस्तके मी वर्षानुवर्षे गठ्ठ्याने विकत घेतली आहेत आणि व्यासपीठावरून त्यांचीच भाषणे केली आहेत. तेव्हा पुढे जी टीका येईल तिच्यातला मोठा वाटा माझ्याच पदरी घालावा.

आमच्या हट्ट्याला शाळा हिंदीत भरते, घरे मराठी किंवा पोवारी बोलतात आणि भाषणात दोन्हींची खिचडी होते. एका विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मी मुलांना डॉ. प्रेधिमान कृष्ण काव यांचे चरित्र सांगितले. सूर्यात ज्या क्रियेने ऊर्जा निर्माण होते ती क्रिया पृथ्वीवर ताब्यात आणण्यासाठी आयुष्य वेचलेला हा काश्मिरी भौतिकीतज्ज्ञ. जन्म १९४८, श्रीनगर. दिल्लीच्या आयआयटीतून १९६६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी पीएच.डी. 'अठराव्या वर्षी' हे शब्द मी दोनदा उच्चारले. पुढे प्रिन्स्टन, पुढे परत येणे, पुढे १९८५ ची पद्मश्री. टाळ्या झाल्या. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मंग बिजली बनली का, सर?"

बनली नव्हती. आजही बनलेली नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर भाषणाचा कागद पुन्हा वाचला तेव्हा त्यातली खोट दिसली. पद्मश्री १९८५ ची. काव यांनी ज्या संस्थेत आपली उमेद ओतली ती प्लाझ्मा अनुसंधान संस्था १९८६ साली गांधीनगरजवळ भट या गावी उभी राहिली. तिथले पहिले मोठे यंत्र 'आदित्य' सुरू झाले १९८९ साली. म्हणजे माझे चरित्र जेथे टाळ्यांसाठी थांबले तेथून माणसाचे खरे काम सुरू होत होते. साचा एवढा घट्ट की त्यात आयुष्याचा पूर्वार्धच काय तो मावला.

उत्तरार्धात काय होते? हायड्रोजनची जड भावंडे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, एकत्र येऊन हेलियम होण्यासाठी सुमारे १५ कोटी अंश तपमान लागते. सूर्याच्या गाभ्यात ते दीड कोटी अंश असते. सूर्याजवळ प्रचंड वस्तुमानाचा दाब आहे, आपल्याजवळ नाही, म्हणून आपल्याला दहापट तापवावे लागते. एवढ्या उष्णतेत वायू वायू राहत नाही, त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात, तो प्लाझ्मा. त्याला कोणतेही भांडे चालत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राच्या अदृश्य भिंतीत, मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत फिरवत ठेवावे लागते. अशा यंत्राला रशियन शास्त्रज्ञांनी टोकामॅक नाव दिले. प्लाझ्मा मात्र नांदत नाही. एकीकडे दाबला तर दुसरीकडे फुगतो, लाटा उठतात, क्षणार्धात भिंतीला जाऊन विझतो. या बिघडण्याच्या तऱ्हा ओळखणे, त्यांचे गणित मांडणे हीच काव यांची विद्या. प्रिन्स्टनमध्ये जॉन डॉसन यांच्याबरोबर त्यांनी तीव्र प्रकाशझोत आणि प्लाझ्मा यांच्या संबंधावर जे काम केले, ते आजही आधाराला घेतले जाते.

१९८२ साली ते भारतात परतले. त्याच वर्षी डिसेंबरात प्रिन्स्टनच्या नव्या, जगातल्या मोठ्यांपैकी एका टोकामॅकमध्ये पहिला प्लाझ्मा पेटला. साच्यातला चरित्रकार येथे 'देशासाठी त्याग' असे दोन शब्द लिहून पुढे सरकतो. मला वाटते, येथे थांबायला हवे. मेजवानी वाढली जात असताना पाटावरून उठून आलेला माणूस अहमदाबादला एक छोटा कार्यक्रम सुरू करतो, आणि सात वर्षांनी त्याच्या हाती येते ते पाऊण मीटर त्रिज्येचे यंत्र. या सात वर्षांत त्याला काय वाटले असेल, हा चरित्राचा विषय आहे.

पुढचे यंत्र एसएसटी-१, अतिवाहक चुंबकांचे. ते जुळवले, अडले, सुटे करून पुन्हा बांधावे लागले. त्यात पहिला प्लाझ्मा २०१३ साली मिळाला. काव यांनी संचालकपद सोडले होते २०१२ साली. २०१७ च्या जूनमध्ये ते गेले.

मधल्या काळात भारत फ्रान्समधल्या 'इटर' या सात भागीदारांच्या प्रकल्पात सामील झाला. करार २००६ चा. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष होते अनिल काकोडकर, आपल्याच मध्य प्रदेशातल्या बडवानीत जन्मलेले. इटर-इंडियाच्या प्रकल्प संचालकपदी शिशिर देशपांडे होते. इटरचे सुमारे ३८५० टन वजनाचे पोलादी बाह्यकवच हजिऱ्याच्या कारखान्यात तुकड्यांनी घडले. तरी इटरचे वेळापत्रक लांबतच गेले. २०२४ साली जाहीर झाल्याप्रमाणे प्रयोग २०३४ ला सुरू व्हायचे आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे खरे इंधन २०३९ ला घालायचे. आता आठवावे की १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी ही ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल असे भाकीत केले होते. तेव्हा काव सात वर्षांचे होते.

मधल्या काळात आनंदाच्या बातम्याही आल्या. २०२२ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात लेसरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. पण लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली, हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत नव्हते. घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला हे लगेच कळेल.

मग मराठीत असे आयुष्य लिहिता येते का? जवळचे उदाहरण जयंत नारळीकरांचे 'चार नगरांतले माझे विश्व'. २०१४ साली साहित्य अकादमीने गौरवलेल्या या आत्मचरित्रातले पहिले नगर बनारस, हे आपल्या दुभाषी घरांना विशेष जवळचे. विश्वाला आरंभ नाही हा विचार नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी जगाचे मत उलट गेल्यावरही सोडला नाही. तारे आपल्या पोटात मूलद्रव्ये कशी घडवतात हे १९५७ साली ज्या चौघांनी मांडले त्यांत हॉइल होते. ताऱ्यांतल्या ज्या क्रियेचा उलगडा त्यांनी केला, तीच यंत्रात आणायला काव निघाले होते. नारळीकरांना मात्र स्वतःचे चरित्र लिहायला स्वतःची मराठी लेखणी होती. काव यांच्यासाठी ती कोण उचलणार? निकाल न लागलेल्या खटल्याचे कागद वाचायला आपल्याला आवडत नाहीत, हेच खरे.

शब्दांचाही प्रश्न आहेच. आमच्या मुलांच्या हिंदी पुस्तकात 'संलयन', सीमेपलीकडे गोंदियाच्या मुलांच्या पुस्तकात 'संमीलन'. मराठीचा एम.ए. म्हणून मी संमीलनाची बाजू घ्यावी अशी अपेक्षा असेल. पण संस्कृतात मीलन म्हणजे डोळे मिटणे. भेटीचा अर्थ आपण त्याला मिलनावरून चिकटवला. शिवाय या क्रियेत दोघे नुसते भेटत नाहीत, दोघेही लय पावून तिसराच जन्मतो. येथे हिंदीचे पारडे जड आहे, हे कबूल करण्यात मराठीचे काही जात नाही. प्लाझ्मासाठी विश्वकोशी 'आयनद्रायू' मात्र मी मुलांपुढे काढत नाही. तो शब्द चुकीचा नाही, पण तो घेऊन कुणी बाजारात गेलेले नाही.

संपादकांना एक विनंती. भटच्या त्या संस्थेत काम केलेले कुणी मराठी गृहस्थ वा भगिनी, वेल्डर असोत की अभियंता, शोधून पुढच्या अंकासाठी त्यांच्याकडून लेख मागवावा. पदकांची यादी नको. यंत्र पुन्हा सुटे करायचे ठरले त्या दिवशी घरी जेवताना काय सांगितले? पहिला प्लाझ्मा दिसला तेव्हा खोलीत कोण कोण होते, आणि कोण नव्हते? आपल्या हयातीत वीज निघणार नाही हे ठाऊक असताना सकाळची बस कशी पकडली? लेख हिंदीत आला तरी चालेल. भाषांतर मी करीन, आणि नववीतली ती मुलगी आता अकरावीत गेली आहे, तिच्याकडून तपासून घेईन.