गल्ला आणि मौन

कला आणि धंदा यांचे हाडवैर आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. चांगला चित्रपट म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर चालणारा, आणि ज्याच्या तिकिटांसाठी रांगा लागतात तो हमखास सवंग. ही समजूत सोयीची खरी. पण नागराज मंजुळे यांचे दोन चित्रपट आणि त्यांतील एकाची हिंदी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली, तर ती टिकत नाही, असे आम्हांला वाटते.

'फँड्री' (२०१३) हा मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. कैकाडी कुटुंबातला जब्या, शाळेतल्या शालूवरचे त्याचे अबोल प्रेम आणि जातीने माथी मारलेले डुकरे धरण्याचे काम, एवढाच त्याचा ऐवज. डुक्कर हाती लागणार तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि माणसे जागच्या जागी ताठ उभी राहतात, डुक्कर निसटते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. पुरस्कार मिळाले, कौतुक झाले. पण हा दगड ज्यांच्यासाठी होता, त्यांतले पुष्कळजण चित्रगृहात नव्हतेच.

'सैराट' (२०१६) त्यांच्यासाठी आहे. पाठीशी झी स्टुडिओज, अजय-अतुल यांचे संगीत आणि त्यातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण थेट अमेरिकेत! पाटलाची बुलेट चालवणारी आर्ची आणि पारधी समाजातला परशा यांचे प्रेम पूर्वार्धात इतक्या थाटात फुलते, की आपण नेहमीचाच प्रेमपट पाहत आहोत, अशी खात्री पटावी. १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. मात्र याच थाटामाटात पाटलाचा मुलगा भर वर्गात दलित शिक्षकाच्या कानशिलात लगावतो, आणि तो प्रसंग चित्रपट मुळीच गाळत नाही. उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीत गाणी विरतात. उरतो संशय, भांडणे, घरभाडे आणि मोलमजुरी. कित्येकांना हा भाग लांबलेला वाटला. आमच्या मते चित्रपटाचा कणा तोच आहे.

आणि मग शेवट. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, आर्ची चहा करते. शेजारीण लहानग्याला दाराशी आणून सोडते. रक्ताने माखलेली इवली पावले बाहेर निघतात, आणि ध्वनी पूर्ण बंद होतो. ज्या संगीतावर एवढा पैसा ओतला, तेच नेमक्या क्षणी काढून घेण्याचे धाडस येथे आहे. अडीच तासांहून अधिक काळ कान त्या सुरांना सरावले नसते, तर हे मौन इतके बोचले नसते. येथे धंद्यानेच कलेच्या हाती शस्त्र दिले आहे.

तरीही या सौद्याची किंमत चुकती झालीच. 'झिंगाट'वर प्रेक्षक चित्रगृहात नाचले आणि गाणे तेथून सुटून लग्नाच्या मांडवात शिरले. आपल्या धर्मग्रामांतील मांडवही त्याला अपवाद नाहीत. जात-कूळ पाहून सोयरीक जुळवायची आणि वरातीत त्याच गाण्यावर ठेका धरायचा, यातली विसंगती ध्यानी घेण्याची उसंत कोणाला असते? गाणे चित्रपटापेक्षा मोठे झाले, की दिग्दर्शकाच्या हातून काहीतरी निसटतेच.

खरी तफावत कळते ती 'धडक' (२०१८) पाहताना. करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सने हीच कथा उदयपूरच्या राजवाड्यांत नेली. संगीतकार तेच, 'झिंगाट'ही हिंदीत आले. गळाली ती जात. जातीचा उच्चार येतो, पण ओझरता. मुलाची जगण्याची धडपड श्रीमंत-गरिबांच्या ओळखीच्या चौकटीत बसवली आहे. भांडवल दोन्हीकडे होते. मात्र एका ठिकाणी त्याने अप्रिय गोष्ट खपवून घेतली, तर दुसऱ्या ठिकाणी तीच आधी काढून टाकली.

शेवटही बदलला आहे. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल मारले जातात, नायिका उरते. ती किंचाळते आणि आपण तिच्यासोबत रडू शकतो. 'सैराट'मध्ये रडायला कोणी मोठे माणूस उरतच नाही. ते मूल रस्त्यावर येते, कोणाकडे जावे हे त्याला ठाऊक नसते, आणि कॅमेरा त्याच्या मागे न जाता जमिनीवरच्या पावलांपाशी थांबतो.