युद्धांतून वांचलेल्यांच्या हकीकती : त्यांचें प्रामाण्य व त्यांचे संपादक

लढाई जिंकणाऱ्याची बखर होते, मेलेल्या वीराचा पोवाडा होतो. परंतु लढाईंत सांपडून केवळ जीव घेऊन निघालेल्या मनुष्याची हकीकत बहुधा त्याच्याबरोबरच जाते. आम्ही ज्या खारी गांवीं बसून हें लिहीत आहों, तो साष्टीच्या उत्तर कांठचा मुलूख. उत्तरेस खाडी ओलांडली कीं वसई. भाईंदरच्या पश्चिमेस धारावीच्या किल्ल्याची जागा. १७३७ ते १७३९ पर्यंत मराठे व पोर्तुगीज ह्यांची झुंज ह्याच पट्ट्यांत चालली आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. त्या मोहिमेचीं पत्रें, मोर्चे व सुरुंग ह्यांचे तपशील, तहाचीं कलमें आपणांपुढें आहेत. पण ज्याच्या शेतावरून फौजा गेल्या, त्या साष्टीकरानें तीं दोन वर्षें कशीं काढलीं, परत आल्यावर त्यास घर सांपडलें कीं नाहीं, हें सांगणारें त्याच्या हातचें एकही पान आमच्या पाहण्यांत नाहीं.

ही उणीव ध्यानांत घेतली म्हणजे मराठींत ज्या दोन हकीकती उरल्या, त्यांचें मोल कळतें. पहिली नाना फडणिसांचें आत्मवृत्त. दुसरी वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास'. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर प्रलय झाला, तेव्हां नानांस एकोणिसावें वर्ष चालू होतें. घोडें व वस्त्रें टाकून, झाडपाला खाऊन, गवतांत लपून ते वांचले. आई मात्र त्या धामधुमींत कायमची अंतरली. पुढें राज्याचें दप्तर वाहणाऱ्या ह्या पुरुषानें स्वतःचें भय लपविलें नाहीं, शौर्याचा आवही आणिला नाहीं. गोडसेभटजी तर लढवय्येही नव्हेत. घरचें कर्ज फिटावें म्हणून चुलत्यांसह १८५७ सालीं ते उत्तरेस निघाले. मथुरेंत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार अशी वार्ता होती. दक्षिणेऐवजीं बंड वाट्यास आलें. एप्रिल १८५८ मध्यें झांशी पडली, तेव्हां ते शहरांतच होते.

अशा लेखांचें प्रामाण्य किती? आमचा अभ्यास मूळचा संस्कृताचा, म्हणून शास्त्राचीच परिभाषा वापरतों. नैयायिक स्मृतीस प्रमा मानीत नाहींत. आणि गोडसेभटजींनीं तर सुमारें पंचवीस वर्षांमागें घडलेलें १८८३ मध्यें लिहिलें. तेव्हां त्यांच्या लेखांत प्रत्यक्ष व ऐकीव हे दोन भाग वेगळे केलेच पाहिजेत. महू येथें शिपायांनीं त्यांस सांगितलें कीं, सरकारनें धर्मबुडवीं अशीं चौऱ्यांशी कलमें काढिलीं आहेत. सरकारच्या दप्तराविषयीं हें प्रमाण नव्हे. परंतु शिपायांच्या मनांत काय पेटलें होतें, ह्याविषयीं ह्याहून अव्वल पुरावा कोणता? उलट काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं थकलेली राणी भेटली आणि तिनें ब्राह्मणास पाणी काढूं न देतां स्वतः काढिलें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें. त्याची जात निराळी.

संग्राहकांनीं एक प्रसंग मुद्दाम वाचावा : झांशीच्या राजवाड्यांतील पुस्तकालयाचा नाश. मोठमोठ्या विद्वानांनीं पोथ्यांच्या नकला जेथून न्याव्या, तें पुस्तकालय लुटींत गेलें. नगर पडल्याचें दुःख पुष्कळांनीं लिहिलें. पोथ्या गेल्याचें दुःख लिहावयास भिक्षुकच लागला.

आतां आमचा खरा वाद. भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून हा ग्रंथ लिहिला गेला आणि त्यांनींच तो १९०७ सालीं छापिला, हे उपकार कोणीही नाकारूं नये. पण छापतांना त्यांनीं भाषा परिष्कृत केली, मजकूर गाळला, कांहीं ठिकाणीं फिरविला. परराज्याचा काळ होता; भीतीचें कारण समजूं शकतें. भाषा सुधारण्याचें कारण मात्र आम्हांस समजत नाहीं. मूळ हस्तलिखित त्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलें, हा त्यांचा त्याहून मोठा उपकार. त्यावरूनच महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार ह्यांनीं १९६६ सालीं मूळ पाठ प्रसिद्ध केला.

येथें आमचाही अपराध कबूल करणें प्राप्त आहे. मूळ पाठ उपलब्ध असतां आम्हीं शाळेंत कित्येक वर्षें १९०७ च्याच प्रतीवरून उतारे वाचून दाखविले आणि 'पाहा, जुन्या भिक्षुकाची भाषा किती घोटीव!' म्हणून मुलांपुढें वाखाणले. ती घोटीव भाषा संपादकाची होती. मूळ पाठ शेजारीं ठेवून वाचला, तेव्हां आमची आम्हांसच लाज वाटली. खऱ्या गोडसेभटजींचें वाक्य लांबतें, अडखळतें, मध्येंच हिशेबाकडे वळतें. कारण लुटला गेलेला मनुष्य पैसा विसरत नाहीं. तें अडखळणेंच त्याच्या साक्षीचा शिक्का होय. महाकाव्याचा पाठ शुद्ध करतांना अनेक प्रतींवरून मूळाकडे जावयाचें असतें. येथें तर मूळच हातीं असतां त्यापासून दूर जाणें घडलें. ह्यास शोधन म्हणतां येणार नाहीं.

युद्धाचा शेवट तहानें होतो. वांचलेल्याचा शेवट घरीं पोहोंचल्यावर होतो. गोडसेभटजी द्रव्य गमावून, गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतले आणि तिनें आईबापांस स्नान घातलें. बंडाच्या इतिहासांत ह्या कावडीस स्थान नाहीं. परंतु बंडानंतर काय उरलें, ह्याचा उलगडा तीच करिते.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति. महायुद्धांत मेसापोटेमियांत किंवा ब्रह्मदेशांत गेलेल्या मराठी शिपायांचीं पत्रें व वह्या कोणाच्या माळ्यावर आजही असतील. त्या अशुद्ध म्हणून टाकूं नयेत, शुद्ध करून छापूंही नयेत. जसें लिहिलें तसें उतरावें. टीप द्यावयाची ती खालीं द्यावी. वांचलेल्याजवळ शेवटीं त्याचे शब्दच उरतात. ते तरी आपण लुटूं नयेत.

खारी (भाईंदर)