‘चोरी’ की ‘बुडवणूक’? – एका नीतिप्रश्नाच्या परिभाषेचे परीक्षण

काही वर्षांपूर्वी बोलींच्या अभ्यासक्रमातील एका तासाला प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटातील काही प्रसंग दाखविले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसराची बोली पडद्यावर कोणते रूप घेते, हा त्या दिवशीचा विषय होता. तास संपल्यावर मुलुंडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही प्रत कोठून आणलीत?” प्रत एका विद्यार्थ्याने दिली होती व तिचे मूल्य कोणीही चुकते केलेले नव्हते. “मिळाली,” एवढेच उत्तर मी दिले. ते उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. नीतिदृष्ट्या तसे नव्हते. प्रस्तुत लेखाचा उगम त्या एका क्रियापदात आहे.

मूल्य न देता गाणी व चित्रपट मिळविण्याच्या व्यवहाराविषयी आपण जी वाक्ये योजतो, त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. ‘मला चित्रपट मिळाला’ या वाक्यात घेणारा हा कर्ता न राहता केवळ प्राप्तकर्ता होतो. ‘गाणे डाउनलोड झाले’ या वाक्यात तर तो मुळी दिसतच नाही. पाऊस झाला, तसे गाणे झाले. उपनगरांतील रेल्वेस्थानकांबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत एके काळी पैसे घेऊन कार्डात गाणी ‘भरून मिळत’. तेथेही भरणारा व घेणारा दोघेही ‘मिळणे’ या क्रियापदाच्या आड उभे असत. याउलट ‘मी ते घेतले’ असे म्हणताच ‘कोणाकडून?’ आणि ‘केवढ्याला?’ हे प्रश्न अटळपणे पुढे येतात. ‘उतरवून घेणे’ या प्रयोगाला तर पावित्र्याचे वलय आहे. पोथी उतरवून घेणे हे आपल्या परंपरेत पुण्यकर्म होते. परंतु पोथी उतरविणारा कित्येक महिने बोरू झिजवीत असे. त्याचे श्रम हेच त्याचे मोल होते. आजच्या उतरविण्यात बोटाच्या एका स्पर्शापलीकडे श्रम नाहीत. शब्द तोच राहिला, पण त्याला प्रतिष्ठा देणारा आशय मात्र निघून गेला.

या सौम्य शब्दांच्या विरोधात निर्मात्यांनी ‘चोरी’ हा कठोर शब्द उभा केला. २००४ च्या सुमारास अमेरिकी चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेने प्रसृत केलेल्या प्रचारपटात तर चित्रपट उतरवून घेणे आणि मोटार चोरणे यांना एकाच पंक्तीस बसविले होते. हा शब्द वस्तुस्थितीला लागू पडतो काय? १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ३७८ वे कलम आणि २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३०३ वे कलम, दोन्हींत चोरीच्या व्याख्येला जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलविली जाणे आवश्यक आहे. गाण्याची प्रत घेतल्याने मूळ गाणे कोणाच्याही ताब्यातून जात नाही. एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या अनधिकृत ध्वनिमुद्रिकांसंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अशा मुद्रिकांना ‘चोरीचा माल’ मानण्यास नकार दिला. आपल्याकडेही हा अपराध चोरीच्या कलमात न येता १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमात येतो. ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द मात्र अन्वर्थक आहे. कारण तेथे कर्तृत्वाचे श्रेय खरोखरच मूळ लेखकाकडून हिरावले जाते.

यास्तव ‘चोरी’ या शब्दाला तरुण विद्यार्थी हसतात, तेव्हा त्यांचे भाषिक भान बरोबरच असते. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘ही चोरी नाही’ एवढ्यावरून ‘यात वावगे काही नाही’ असा निष्कर्ष ते काढतात. एक शब्द बसला नाही, म्हणून कृती निर्दोष ठरत नाही. योग्य शब्द अद्याप सापडलेला नाही, एवढेच ठरते.

तो शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. आपण भाडे बुडवतो, कर बुडवतो, सावकाराचे पैसे बुडवतो; इतकेच नव्हे, तर विद्यार्थी तासही बुडवतात. या सर्व प्रयोगांत कोणाच्या घरातून काही उचलून नेलेले नसते. समान अर्थघटक आहे तो हा, की जे माझ्याकडून दुसऱ्याला जावयास हवे होते, ते गेले नाही. ‘चोरणे’ हे क्रियापद वस्तूकडे पाहते, ‘बुडवणे’ हे नात्याकडे. मोबदला न देता चित्रपट पाहणारा निर्मात्याची वस्तू नेत नाही, तर त्याचे देणे बुडवतो.

उपनगरातील वाचकास याचा दृष्टांत दूर शोधावयास नको. बोरिवलीहून अंधेरीला विनातिकीट जाणारा प्रवासी गाडीतून काहीही नेत नाही. तो नसता तरी गाडी सुटलीच असती. तरीही त्याचे समर्थन आपण करीत नाही. त्याला आपण ‘चोर’ म्हणत नाही, ‘फुकट्या’ म्हणतो. आणि पकडला गेल्यास त्याच्याकडून प्रथम भाडे वसूल होते, दंड त्यावर चढतो. गाडी इतरांच्या तिकिटांवर चालते, हे सर्वांनाच ठाऊक असते. अंधेरीच्या ध्वनिमुद्रणकक्षांतून रात्री घरी परतणारे तंत्रज्ञ त्याच गाडीत बसलेले असतात. त्यांचे वेतनही कोणीतरी काढलेल्या तिकिटातूनच निघते.

‘बुडवणे’ हा शब्द स्वीकारला की आक्षेपांचीही नीट वर्गवारी करता येते. पहिला आक्षेप असा, की पैसा कलावंतापर्यंत पोहोचतच नाही. यात तथ्य होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विरुद्ध करार नसल्यास चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम स्वामी निर्माता होय. तथापि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य उपयोगांच्या स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क गीतकार व संगीतकार यांना सोडून देता येत नाही. वाटणी अन्यायाची असेल तर ती बदलून घ्यावी. धनको लोभी आहे, म्हणून ऋण फिटत नाही. दुसरा आक्षेप यशाचा. ‘सैराट’च्या अनधिकृत प्रती मोबाइलवर फिरत असतानाही त्याने मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचा उच्चांक गाठलाच, असे म्हटले जाते. पण गाडी भरून वाहते आहे, हे तिकीट न काढण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि ज्या लहान चित्रपटाला दुसरा आठवडाही लाभत नाही, त्याच्यापुढे हा युक्तिवाद कोणी मांडत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. देणे बुडण्यासाठी घेणारा असावा लागतो. जी जुनी ध्वनिमुद्रिका कोणीही विकत नाही, जिचा धनी सापडत नाही, तिची प्रत जपणाऱ्या संग्राहकाने कोणाचे काय बुडवले? १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, कोणी चोरून का होईना एक प्रत काढून ठेवली असती, तर आपण त्याचे ऋणी राहिलो असतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र गीत व चाल यांवरील हक्कांची गणना वेगळी होते. गरीब विद्यार्थ्याचा दोषही प्रती विकणाऱ्या दुकानदाराच्या तुलनेने हलका मानावा. दुसऱ्याचे देणे दुकानदार स्वतःच्या खिशात घालतो. विद्यार्थ्याला ते परवडत नाही. ६३ वे कलमही, कृत्य व्यापारी लाभासाठी नसल्यास, कमी शिक्षेची मुभा न्यायालयास देते. पण परवडत नाही म्हणजे देणे नाही, असे नव्हे. ते देणे पुढे कधीतरी फेडावयाचे राहते.

आपल्या विभागाच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती काढण्यास मोकळीक दिली. अध्यापनाच्या त्या सवलतीचा आधार घेऊन वसतिगृहात रात्री मनोरंजनासाठी पाहिलेला चित्रपट मोकळा होत नाही. माझा तास मात्र अध्यापनाचाच होता, आणि कदाचित कायद्याने मला क्षमाही केली असती. परंतु ज्या चित्रपटाची बोली मी अर्धा तास उलगडून दाखविली, त्याचे तिकीट काढण्याइतके वेतन मला निश्चितच होते.

त्यानंतर मी रीतसर पैसे भरून तो चित्रपट पुन्हा पाहिला. त्या विद्यार्थिनीला द्यावयाचे उत्तर मात्र राहून गेले. ते येथे देतो. प्रत मिळाली नव्हती. मी ती घेतली होती, आणि तिचे पैसे बुडवले होते.