गुन्ह्यांचा आलेख वाचताना

‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालाची मालिका १९५३ सालापासूनची आहे. १९८६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आज तो काढतो. इतकी सलग आकडेवारी आपल्याकडे फार थोड्या सामाजिक विषयांत मिळते, म्हणून वर्गात वापरण्यास हा अहवाल उत्तम आहे. मात्र त्याच्या मांडणीत एक मोठी उणीव आहे. गुन्ह्यांची नोंद वाढणे आणि गुन्हे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे अहवाल स्वतःच बजावतो; पण तक्त्यांत मात्र सलग वर्षे शेजारी मांडतो. वाचक तक्ता पाहतो आणि इशारा विसरतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचे उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. पुणे शहर पोलिसांकडील पिंपरी, भोसरी, निगडी यांसारखी ठाणी आणि पुणे ग्रामीणकडील चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव दाभाडे ही ठाणी त्यात आली. अशा वेळी एकही गुन्हा कमी न होता जुन्या दोन्ही हद्दींतील आकडे खाली येतात. २०१७ आणि २०१९ यांची तुलना करायची तर आधी दोन्ही वर्षांची हद्द एकच करून घ्यावी लागेल.

दुसरा प्रश्न छेदाचा. गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. महानगरांच्या तक्त्यात पुण्याची लोकसंख्या ५०.५ लाख धरलेली असते. ती २०११ च्या जनगणनेतील पुणे नागरी समूहाची आहे आणि पिंपरी-चिंचवड तिच्यात मोडते. छेदात जे शहर आहे ते अंशातही आहे का, याचे उत्तर त्याच तक्त्याखाली हवे. शिवाय पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ साली सुमारे ५ लाख १७ हजार होती, ती २०११ साली १७ लाख २७ हजार झाली. अशा शहराला जुना छेद लावला तर काय होईल? समजा, १७ लाखांत ५,१०० गुन्हे आहेत. दर ३०० येतो. लोकसंख्या २५ लाख आणि गुन्हे ७,५०० झाले, तरी खरा दर ३००च राहतो. पण छेद १७ लाखच ठेवला तर तो ४४१ दिसतो!

तिसरा प्रश्न, मोजतो काय? ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले. अशा प्रसंगी गुन्हा एक आणि आरोपी शेकडो असू शकतात. एका गुन्ह्यात अनेक कलमे लागली तरी अहवालात सर्वांत गंभीर कलमच मोजले जाते. एकाच माणसाला वर्षात दोनदा अटक झाली तर अटकेच्या तक्त्यात तो दोनदा येऊ शकतो. आणि अटक झालेला माणूस दोषी ठरलेला नसतो.

कायद्याच्या वापरानेही आलेख हलतो. देशातील दखलपात्र गुन्हे २०१९ मध्ये ५१,५६,१५८ होते, ते २०२० मध्ये ६६,०१,२८५ झाले. त्यात सरकारी आदेश मोडल्याबद्दलचे, म्हणजे कलम १८८ खालील गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. हा टाळेबंदीचा परिणाम होता. चोऱ्यांची नोंद त्या वर्षी घटलीच.

हे सारे केवळ गणित नव्हे. औद्योगिक पट्ट्यात आलेख वर गेला की बाहेरगावाहून आलेल्या कामगारांकडे बोट दाखवले जाते, आणि त्यांचीच मुले आपल्या वर्गात बसलेली असतात. विद्यार्थ्यांपुढे असा आलेख ठेवताना शिक्षकांनी चार प्रश्न फळ्यावर लिहावेत : हद्द तीच आहे का? छेद कोणत्या वर्षाचा? मोजले ते गुन्हे की माणसे? आणि मधल्या काळात कायदा किंवा त्याचा वापर बदलला का? या चारांची उत्तरे मिळाल्यावर जी वाढ उरेल, तिचीच कारणे शोधावीत.